हात वर करण्यापूर्वी

पिंप्राळ्यासह जळगाव परिसरात गरिबांना घरकुले देण्याची तत्कालीन नगरपालिकेची योजना १९९० च्या दशकातली. हेतू निःसंशय स्तुत्य होता. परंतु योजलेल्या घरांपैकी थोडीच उभी राहिली. २००६ साली गुन्हा नोंदविला गेला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. त्यांत माजी मंत्र्यांबरोबर अनेक माजी नगरसेवकही होते. निकालाविरुद्ध अपिले झाली. त्यांचे भवितव्य काहीही असो, धडा घ्यावयास थांबण्याचे कारण नाही.

ठेकेदारास बिनव्याजी आगाऊ रक्कम दिल्याचा आक्षेप या प्रकरणात प्रमुख होता. अशा ठरावावर हात वर करणे ही निव्वळ पक्षनिष्ठा नव्हे, ती कायदेशीर जबाबदारी आहे. जमीन कोणाची, निविदा कशी, तारण कोणते, हे विचारावयास नव्या सदस्यास शिकवितो कोण? १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४व्या घटनादुरुस्तीने नगरसंस्थांना घटनात्मक स्थान दिले; जाण मात्र आपोआप येत नसते. म्हणून पहिल्या सभेपूर्वीच प्रशिक्षण सक्तीचे करावे, प्रत्येक आर्थिक प्रस्तावास सुबोध मराठीत विधी व लेखा अभिप्राय जोडावा, आणि अधिकाऱ्याचे प्रतिकूल मत इतिवृत्तात नोंदवावे. कायद्याचे अज्ञान ही न्यायालयात सबब ठरत नाही; घराची वाट पाहणाऱ्यांपुढे तर मुळीच नाही.