प्रतिभेची नित्य हजेरी

प्रतिभा ही दैवी देणगी असून तिच्या आगमनाची वाट पाहण्यापलीकडे कलावंताच्या हाती काही नसते, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की, ठरल्या वेळी नेमाने लिहावयास बसणाऱ्याच्या उद्योगास ‘कारकुनी’ म्हणून हिणवताना कोणास संकोच वाटत नाही. अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका ट्वायला थार्प यांनी ‘द क्रिएटिव्ह हॅबिट’ या २००३ सालच्या पुस्तकात या समजाचे समूळ खंडन केले आहे. पहाटे साडेपाचला उठून व्यायामशाळेकडे नेणाऱ्या टॅक्सीत बसणे हा त्यांच्या दिवसाचा संकल्प. आणि प्रत्येक नव्या रचनेसाठी स्वतंत्र खोके नेमून तीत उपयोगी पडेल ते सारे साहित्य त्यात साठवीत जाणे, ही त्यांची दप्तरव्यवस्था. स्फूर्तीची भिस्त अशा शिस्तीवरच असते, हे त्यांचे प्रतिपादन मला सर्वथा मान्य आहे.

तथापि पुणे-सातारा रस्त्यावरील शिवरे येथे बसून हे पुस्तक वाचणाऱ्यास, याच रस्त्याने निघून भोरमार्गे वरंधा घाट उतरल्यावर लागणाऱ्या शिवथरघळीचे, आणि परंपरेनुसार तेथे सिद्ध झालेल्या दासबोधाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्याच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात समर्थ रामदासांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. पहिल्या अक्षरापासून अखेरच्या अक्षरापर्यंत सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा. तारुण्याच्या भरात लिहिलेले अतिबारीक अक्षर वार्धक्यात निरुपयोगी ठरते, सबब मध्यम आकार धरावा. आणि पानाच्या चहूबाजूंस जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी मजकूर शाबूत राहील, इतक्या बारकाव्यापर्यंत ते जातात.

थार्पबाईंची सवय कलावंतास कामाशी आणून बसवते; समर्थांची शिस्त त्यापुढे जाऊन ते काम पुढच्या वाचकाच्या हाती सुखरूप पोचण्याची तजवीज करते. समर्थांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात टिकली, आणि तिच्याच आधारे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९०५ साली धुळ्याहून तो ग्रंथ छापून महाराष्ट्राच्या स्वाधीन केला, याहून त्या शिस्तीची मोठी साक्ष कोणती?

म्हणून पालकांस व शिक्षकांस आग्रहाची विनंती आहे की, मुलांना स्पर्धा आणि बक्षिसे यांच्या मागे धाडण्यापूर्वी रोजची एक निश्चित वेळ आणि एक कोरी वही द्यावी, आणि त्यांनी लिहिलेले घरातील एका तरी वडीलधाऱ्याने आस्थेने वाचावे. कारण वाचणारा आहे हा भरवसा असल्यावाचून लिहिण्याची सवय फार काळ टिकत नाही.