भरपाईच्या हिशेबात माती कुठे आहे?



रस्त्यासाठी, खाणीसाठी जंगल गेले की आपल्याकडे वाद होतो तो झाडे किती तोडली आणि बदल्यात किती लावणार यावर. राज्याने २०१७ ते २०१९ या काळात ५० कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले, तेव्हाही विचारणा झाली ती मुख्यतः रोपे जगली की नाही याचीच. जंगलाच्या मातीबद्दल अवाक्षर निघत नाही. माझा आक्षेप त्यालाच आहे.

भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्याच अहवालांनुसार देशातल्या जंगलांनी धरून ठेवलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून अधिक मातीत आहे. तो तिथे नुसता पडून नसतो. पालापाचोळा कुजताना कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तर भुसभुशीत, हवेशीर मातीतले काही जिवाणू हवेतला मिथेन खाऊन टाकतात. यातले काय, कधी आणि किती, हे ओल, ऊब आणि मातीत खेळणारी हवा ठरवते. करपलेल्या जमिनीवर वळवाची पहिली सर पडली की कार्बन डायऑक्साइडचा लोट उठतो. आषाढात मातीची छिद्रे पाण्याने भरली की मिथेन खाणाऱ्या जिवाणूंना हवाच मिळत नाही. पाणी साचून राहिले तर उलट मिथेन तयार होऊ लागतो, आणि ओलीबरोबर नत्रही भरपूर असेल तर नायट्रस ऑक्साइड. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवतो.

सावली, पाचोळ्याचा थर आणि मातीचा भुसभुशीतपणा यांवर हा तोल टिकतो. एकदा जेसीबी फिरला की तिन्ही जातात. माती दबते आणि उघड्यावर तापते. पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावरच्या जंगलात शास्त्रज्ञांनी माती मुद्दाम ४ अंश सेल्सिअसने तापवली, तर दोन वर्षांत तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ५५ टक्क्यांनी वाढला. सह्याद्रीत नेमका हाच आकडा येईल असे मी म्हणत नाही, पण पनामाचे ते जंगलही आपल्यासारखेच उष्ण प्रदेशातले, पावसाळा आणि कोरडा हंगाम असलेले आहे. अशा जंगलाची भरपाई म्हणून दूर कुठेतरी गवताळ माळ खणून गिरिपुष्पाच्या रांगा उभ्या केल्या जातात. त्या खणण्यात माळाच्या मातीतला कार्बनही सुटतो, हे कोणत्या वहीत लिहिले जाते?

माझी मागणी अवघड नाही. वनजमीन वळती करण्यास मंजुरी देण्यापूर्वी तोडीच्या आणि भरपाईच्या, दोन्ही जागांवर मातीतला सेंद्रिय कार्बन आणि मातीची घनता मोजावी. जमिनीवर बंद पेटी बसवून वायूंचे नमुने उन्हाळ्यात, भर पावसात आणि हिवाळ्यात घ्यावेत. ही पद्धत जुनी आहे, विद्यापीठांना आणि कृषी संशोधन संस्थांना जमण्यासारखी आहे. पैशाची सबब सांगू नये. भरपाई वनीकरणाचा निधी २०१६च्या कायद्याने उभा आहे, त्यातूनच हा खर्च व्हावा. आणि हे आकडे मंजुरीच्या आदेशासोबत, झाडांच्या संख्येशेजारीच छापावेत.

आपला,
एक वाचक, चिपळूण