विश्लेषण : पीई कमी म्हणजे शेअर स्वस्त? चिखल्याच्या खाणीवरून समजून घ्या गणित

तुमसर तालुक्यातील चिखला येथील मँगनीजची खाण 'मॉइल' या सरकारी कंपनीची आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या या कंपनीचा शेअर डिसेंबर 2010 मध्ये बाजारात आला. आज मोबाइलवर कोणताही शेअर उघडला की 'पीई' हा आकडा दिसतो. तो कमी असला की शेअर स्वस्त, असे अनेक जण धरून चालतात. हा समज खिशाला चाट लावू शकतो.

पीई म्हणजे काय?

शेअरच्या किमतीला प्रतिशेअर वार्षिक नफ्याने भागले की पीई मिळतो. पीई 10 म्हणजे कंपनीच्या 1 रुपया वार्षिक नफ्यासाठी गुंतवणूकदार 10 रुपये मोजतो.

मॉइलचे आकडे काय सांगतात?

आयपीओमध्ये शेअरची किंमत 375 रुपये ठरली. एकूण शेअर होते 16.8 कोटी. 2009-10 चा निव्वळ नफा सुमारे 466 कोटी रुपये, म्हणजे प्रतिशेअर 27.7 रुपये. पीई झाला 13.5. त्याच्या आदल्या वर्षी मात्र नफा सुमारे 664 कोटी होता. तो धरला तर पीई 9.5 वर येतो. कंपनी तीच, किंमतही तीच. फक्त नफ्याचे वर्ष बदलले.

असे का होते?

मँगनीज प्रामुख्याने पोलाद उद्योगात लागते. पोलादाची मागणी घटली की खनिजाचे भाव पडतात. पण मजुरी, यंत्रे, खाणीतील पाण्याचा उपसा हा खर्च त्या प्रमाणात कमी होत नाही. त्यामुळे भावापेक्षा नफा जास्त घसरतो. तेजीत नफा फुगतो आणि पीई कमी दिसतो. नेमका तेव्हाच घेतलेला शेअर पुढे महाग पडू शकतो.

मग काय पाहावे?

• एका वर्षाऐवजी पाच-सात वर्षांच्या सरासरी नफ्यावर पीई काढा.
• खाण कंपनीची तुलना खाण कंपनीशीच करा, आयटी किंवा बँकेशी नको.
• जमीन विक्रीसारख्या एकदाच मिळालेल्या उत्पन्नाने नफा वाढला आहे का, ते तपासा.
• बोनसमुळे किंमत उतरली म्हणजे शेअर स्वस्त झाला असे नाही. मॉइलने 2017 मध्ये एकास एक बोनस दिला. अशा वेळी किंमत आणि प्रतिशेअर नफा दोन्ही निम्मे होतात, पीई तोच राहतो.

थोडक्यात, पीई हा चौकशी सुरू करण्याचा आकडा आहे, खरेदीचा निर्णय घेण्याचा नाही.