चिंधीचा हिशेब कोण देणार?

‘जुन्या बाटल्यांपासून बनवलेला टी-शर्ट’ हे लेबल पाहून समाधान मानणाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारावा: हा टी-शर्ट फाटल्यावर पुढे काय? पेट प्लास्टिकच्या बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा टी-शर्ट झाला, की पुढचा मुक्काम बहुधा कचराभूमीच. हे चक्र नव्हे. एक थांबा अधिक घेणारी सरळ रेषा आहे.

चक्राच्या जवळ जाणारे काम पाहायचे तर हरियाणातील पानिपत पाहावे. परदेशांतून आलेले जुने कपडे तेथे रंगांनुसार निवडले जातात. कामगार बटणे व चेन कापून काढतात, यंत्रे कापड पिंजतात आणि त्या तंतूंच्या सुतापासून घोंगड्या विणल्या जातात. निवड रंगानुसार झाल्याने बराचसा माल पुन्हा रंगवावा लागत नाही. पाणी आणि रसायने वाचतात. मात्र पिंजताना तंतू आखूड होतात, म्हणून सूत जाडेभरडेच निघते. शिवाय पॉलिएस्टर आणि कापूस एकत्र कातलेले असतील, तर ते वेगळे करणे या यंत्रांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

म्हणजे कपड्याचे भवितव्य पानिपतात ठरत नाही; तो आखला जातो तेथेच ठरते. त्या निर्णयाची किंमत मात्र पिंजणीची धूळ श्वासावाटे घेणारा मजूर मोजतो.

प्लास्टिक वेष्टने, बॅटऱ्या, टायर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू टाकाऊ झाल्यानंतरही त्यांची जबाबदारी उत्पादकावर राहते, असे आपले नियम सांगतात. कापडाला असे बंधन नाही. फ्रान्सने ते २००७ मध्येच कायद्यात आणले. २०२५ मध्ये युरोपीय संघाने सर्व सदस्य देशांना तशा योजना उभारणे बंधनकारक केले.

‘यामुळे लहान उद्योग मोडतील’ हा आक्षेप येईलच. तो शुल्क कोणाकडून घ्यायचे याविषयीच्या गैरसमजावर उभा आहे. शुल्क नवा कपडा बाजारात आणणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी भरावे: मिश्र तंतूंसाठी अधिक, टिकाऊ एकतंतू कापडासाठी कमी. तो पैसा निवड आणि पिंजणी करणाऱ्या लहान कारखान्यांकडे वळावा. धूळ शोषणारी यंत्रणा आणि किमान वेतन ही त्याची अट असावी. कंपन्यांच्या ऐच्छिक संकल्पांनी हे घडणार नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ‘चक्रीय’ हा शब्द विशेषण म्हणून स्वीकारू नये. तपासता येणारे विधान म्हणून वाचावा. किती कापड परत आले, त्याचे काय झाले आणि खर्च कोणी सोसला? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आकड्यांत मागणारा नियम होईपर्यंत ‘चक्रीय’ ही केवळ जाहिरात आहे.