घरमालक होण्यापूर्वी

गेल्या पंधरवड्यात आमचे एक जुने सहकारी घरी आले. बासष्टाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झालेले, सरळमार्गी गृहस्थ. ग्रॅच्युइटी व भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आली होती. चहाचा कप खाली ठेवीत म्हणाले, "सर, बायपासकडे दोन रो-हाऊस पाहून ठेवली आहेत. थोडे पैसे हातचे, उरलेले बँकेचे. भाड्यातून हप्ता फिटत जाईल आणि घरे आपली होतील. तुमचे काय मत?"

मत विचारणाऱ्याचा निश्चय बहुधा आधीच झालेला असतो. तरीही त्यांना जे सांगितले ते येथे नमूद करतो. कारण इंदूरच्या पुष्कळ मराठी घरांतून सध्या हाच विचार चालू आहे. राजवाड्याजवळचा जुना वाडा विकला जातो, वाटण्या होतात, मुले पुण्याला किंवा बंगळुरूला स्थायिक झालेली असतात. आणि हाती आलेल्या पैशाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहतो.

प्रथम आम्ही कागद-पेन्सिल घेतली. समजा, एका रो-हाऊसची किंमत ४५ लाख रुपये आणि भाडे महिना १२ हजार. वर्षातून एक महिना घर रिकामे राहणार, हे गृहीत धरावे. अकरा महिन्यांचे १ लाख ३२ हजार झाले. त्यातून संपत्तिकर ६ हजार आणि रंग-दुरुस्तीचे १२ हजार वजा केले, तर १ लाख १४ हजार उरतात. म्हणजे गुंतवणुकीवर सुमारे अडीच टक्के. आता ३० लाखांचे कर्ज वीस वर्षांच्या मुदतीने साडेआठ टक्क्यांवर घेतले, तर हप्ताच महिना २६ हजारांच्या घरात जातो. बारा हजारांतून सव्वीस हजार कसे फिटणार? उरलेले चौदा हजार पेन्शनमधून जायचे, तेही बासष्टाव्या वर्षानंतर! आयकरात भरलेला संपत्तिकर वजा जाता राहणाऱ्या भाड्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, हे खरे. परंतु तेवढ्याने हे गणित सुटत नाही. जमिनीचा भाव पुढे वाढेल, ही आशा ठेवावी. तिच्या भरवशावर हप्ता ठरवू नये.

दुसरी गोष्ट घराची. रो-हाऊसची भिंत शेजाऱ्याशी सामाईक असते. त्याच्या न्हाणीघरातील गळती आपल्या खोलीत ओल होऊन उतरते, आणि दोष कोणाचा यावर दोन पावसाळे निघून जातात. म्हणून असे घर पाहायचे तर भर पावसात पाहावे. नर्मदेचे पाणी १९७८ साली इंदुरात आले, तरी शहराबाहेरच्या प्रत्येक कॉलनीत ते पोहोचले असेलच असे नाही. बोअरिंग स्वतःचे की सामाईक, उन्हाळ्यात ते आटते काय, हे विकणाऱ्याला न विचारता समोरच्या घरातील गृहिणीला विचारावे. कॉलनीला नगर व ग्राम निवेशची मंजुरी आहे काय, जमिनीचे डायव्हर्शन झाले आहे काय, रेरात नोंद आहे काय, हे कागद वकिलाला दाखविल्यावाचून बयाणा देऊ नये. भाडेकरूसह घर विकत घेणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की, मध्य प्रदेशच्या १९६१ च्या स्थान नियंत्रण अधिनियमाप्रमाणे स्वतःच्या गरजेसाठी त्या भाडेकरूवर दावा लावण्यास खरेदीपासून एक वर्ष थांबावे लागते.

आणि तिसरी गोष्ट माणसांची. येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या घराचा वरचा मजला एका कुटुंबाला दिला. दूरच्या ओळखीचे, मराठी, सुशिक्षित. आपल्याच माणसाकडून काय लिहून घ्यायचे, असे मनात आले. आठ महिने सारे सुरळीत होते. गणपतीच्या आरतीला ती मंडळी खाली येत, सणासुदीला आमच्या घरातून पुरणपोळी वर जाई. मग भाडे लांबू लागले. मी संकोचाने मागितले नाही. त्यांनी न्हाणीघर गळत असल्याचे दोनदा सांगितले. भाडे थकलेले असताना दुरुस्ती कशाला करा, म्हणून मीही ते पावसाळाभर टाळले. पाच महिन्यांचे भाडे आणि विजेचे बिल मागे ठेवून एके दिवशी ते घर सोडून गेले. आजही एखाद्या लग्नात समोरासमोर आलो की, दोघेही पंगतीची दुसरी बाजू धरतो. पैसे केव्हाच विसरलो. ही दुसरी बाजू मात्र विसरता येत नाही. त्यांच्या मनातही माझ्याविषयी तक्रार असणार, आणि ती अगदीच निराधार नाही.

भाडे कोणत्या तारखेला, दुरुस्ती कोणी करायची, बिल कोणाचे, घर सोडण्यापूर्वी किती दिवस आधी कळवायचे, अनामत केव्हा परत, एवढे एका कागदावर असते, तर आमचा संबंध टिकला असता. लेखी करार हा अविश्वासाचा पुरावा नव्हे. उद्या निर्माण होणारा अविश्वास टाळण्याचा तो उपाय आहे. करार अकरा महिन्यांचा करण्याची रीत का पडली, हेही समजून घ्यावे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे आहे. तो खटाटोप चुकविण्यासाठी हे अकरा महिने आले. परंतु करार संपला की भाडेकरू आपोआप निघाला, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. भाडे थकल्यास १९६१ च्या त्या अधिनियमाप्रमाणे आधी मागणीची नोटीस द्यावी लागते, आणि ती मिळाल्यापासून दोन महिन्यांत थकबाकी भरण्याची संधी भाडेकरूला असते. रागाच्या भरात त्याचे वीज-पाणी तोडणे हा तर घरमालकाचाच अपराध ठरतो. निवृत्त सरकारी नोकर, विधवा, अपंग अशा घरमालकांना स्वतःच्या खऱ्या गरजेसाठी भाडे नियंत्रण अधिकाऱ्याकडे जाण्याची वेगळी वाट १९८३ च्या दुरुस्तीने ठेवली. तीही वकिलाकडून समजून घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे आणि भाड्याची पावती फाडणे, ही दोन कामे आळस न करता करावीत.

निघताना स्नेह्यांनी विचारले, "म्हणजे आपल्या मराठी माणसालाच द्यावे की देऊ नये?" मी म्हटले, "चांगल्या माणसाला द्यावे." बदलीच्या नोकरीत मी तरुणपणी एका गावी तीन आठवडे खोली शोधीत फिरलो होतो. प्रत्येक दारात आधी आडनाव विचारीत, मग गाव, आणि मग खोली नुकतीच दिल्याचे सांगत. शेवटी ज्या वृद्ध बाईंनी जागा दिली, त्या माझ्या भाषेच्या नव्हत्या, जातीच्याही नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "भाडा पाँच तारीख को मिल जाएगा न, मास्टरजी?" चार वर्षांत माझी पाच तारीख कधी चुकली नाही, आणि पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घेण्याचे त्यांचेही कधी चुकले नाही. घरमालकी म्हणजे काय, हे मी त्यांच्याकडून शिकलो. फक्त वेळेवर आठवले नाही.

परवा स्नेह्यांचा फोन आला. दोनऐवजी एकच घर घेणार आहेत, तेही कर्ज न काढता. उरलेली रक्कम बँकेत राहील. आणि पावसाळा येईपर्यंत बयाणा देणार नाहीत.