आम्हीही गेम खेळून पाहिला

पोरं मोबाईल सोडत नाहीत म्हणून आम्ही ओरडायचो. मग स्वतःच खेळलो. कॅण्डी क्रशमध्ये पाच जीव संपले की पुढच्यासाठी अर्धा तास थांबावं लागतं. आम्ही थांबलो, तेही रात्री बारापर्यंत! सकाळी डोळे चुरचुरले, मान धरली.

बीजीएमआयमध्ये चौघांची टोळी असते. मधेच उठलं तर बाकीचे तिघे अडचणीत. जेवायला हाक मारली की पोरगं का चिडतं, ते तेव्हा कळलं. आता मॅच सुरू होण्याआधीच ताट वाढतो.

तासभर खेळणं म्हणजे आजार नव्हे. ताबा सुटून, शाळा-काम बिघडूनही खेळणं साधारण वर्षभर चालूच राहिलं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. तितकं थांबू नका. पहाटे पांघरुणात स्क्रीन उजळत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी, मोफत नंबरवर बोला.