चिठ्ठी पोहोचली तर

शोकांतिकेची सुखांतिका करणे ही आजची टूम नव्हे. नेहम टेट याने १६८१ साली 'किंग लिअर'चा शेवट पालटला, राजाला जिवंत ठेवले, कॉर्डेलियाचे एडगरशी लग्न जुळवून दिले. आणि इंग्रजी रंगभूमी जवळजवळ दीडशे वर्षे त्या गोड लिअरवर समाधानी राहिली. तेव्हा २०२२ साली आलेल्या 'रोझलिन' या चित्रपटाला शेक्सपिअरची विटंबना म्हणण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. मूळ नाटकात या रोझलिनला एकही वाक्य नाही. रोमिओ तिच्यासाठी उसासे टाकतो आणि ज्युलिएट दिसताच तिला विसरतो. दिग्दर्शिका करेन मेन यांनी या विसरलेल्या मुलीला नायिका केले, प्रेमिकांना वाचवले आणि नावेत बसवून दिले. तिथे दोघांच्या लक्षात येते की, आपल्यापाशी बोलण्यासारखे फारसे काही नाही! थट्टा मार्मिक आहे.

खरे तर मूळ नाटकही मर्क्युशिओ मरेपर्यंत विनोदी नाटकाच्याच चालीने चालते: बडबडी दाई, शाब्दिक कोट्या, मेजवानी, भिंतीवरून उडी. शेवटचा अनर्थही एका चिठ्ठीपायी. प्लेगच्या संशयावरून फ्रायर जॉनला कोंडले जाते आणि ती मँटुआला पोहोचत नाही. पोहोचवा, की झाली सुखांतिका. माणसे मुळात वाईट नसतात, निरोप तेवढे चुकतात, हे या जातीच्या विनोदाचे गृहीतक.

पालमसारख्या तालुक्याच्या गावी हे नाटक शिकवताना ते गृहीतक टिकत नाही. 'रोमिओ' म्हटले की वर्ग हसतो, तो इकडे टिंगलीचाच शब्द. 'दोन घराण्यांचे वैर' म्हटले की मात्र कोणी हसत नाही. 'घराणे' हा शब्द मुले मनातल्या मनात बदलून घेतात. व्हेरोनातली घराणी तोलामोलाची आहेत, म्हणून या लग्नाने वैर मिटेल अशी आशा फ्रायर लॉरेन्स धरू शकतो. जातीच्या उतरंडीत तशी आशा धरायला जागा कुठे?

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने (२०१६) हे नेमके ओळखले. पूर्वार्धात विहीर, क्रिकेट, मित्रांची थट्टा, सारी कॉमेडीच. उत्तरार्धात हैदराबादची झोपडपट्टी, डोशाचा गाडा, संशय, भांडण, रुसून गाडीत बसलेली आर्ची आणि तिचे परतणे. नावेतल्या त्या दोघांना जो प्रश्न हसत हसत विचारला जातो, तो आर्ची-परशा सोसून सोडवतात. संसार उभा राहतो. मूल होते. सुखांतिका इथे पूर्ण झालेली असते.

मग आर्ची आईला फोन करते.

इथे निरोप चुकत नाही, पोहोचतो. भाऊ आणि नातलग आईने पाठवलेल्या भेटवस्तू घेऊन दारात येतात, चहा होतो, आणि दोघांचे गळे चिरले जातात. शेक्सपिअरची चिठ्ठी वाटेत अडली म्हणून माणसे मेली. करमाळ्याची मुले ती पोहोचली म्हणून. हा फरक रूपांतरकाराच्या हातचलाखीने भरून निघणारा नाही.

वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले होते, "मग तिनं आईला फोनच करायचा नव्हता का?" मराठीत कोणी 'रोझलिन' लिहू म्हणेल, तर त्याने ज्युलिएटच्या नात्यातल्या बहिणीपेक्षा आर्चीच्या आईपासून सुरुवात करावी, असे आम्हांस वाटते.